१६० चौरस फुटांत पोटाचं डायलिसिस: सीएपीडीच्या पिशव्या आणि घरपोच सेवा

सीएपीडी, म्हणजे घरीच पोटात पाणी भरून दिवसातून काही वेळा ते बदलत करायचं डायलिसिस, निवडलेल्या घरात दर महिन्याला सुमारे अडीचशे किलो माल येतो. डायलिसिसच्या पाण्याच्या दोन लिटरच्या दिवसाला चार पिशव्या, महिन्याच्या १२०. खोक्यात पाच किंवा सहा पिशव्या बसतात, म्हणजे २० ते २४ खोकी. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच मुंबईत या सेवेकडे बघायला हवं.

भारतात मिळणाऱ्या जुळ्या (एक भरलेली, एक रिकामी) पिशव्यांची रचना बरीचशी सारखी असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही. पिशवी, ती घरी पोचवणारा पुरवठादार आणि ती वापरायला शिकवणारा रुग्णालयाचा विभाग, या तिघांना मिळून आम्ही एक सेवा मानलं आहे. यातलं एक जरी ढिलं असलं तरी त्रास रुग्णाच्या पोटाला होतो.

आधी पिशवीबद्दल. ही वस्तू खरोखर उत्तम आहे. पोटाच्या आतलं अस्तर गाळणीसारखं वापरायचं, ही कल्पना जुनी. पण कायम ठेवता येईल अशी मऊ नळी डॉ. टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये दिली, आणि दिवसभर पोटात पाणी ठेवून चालत्या-फिरत्या माणसाचं डायलिसिस करण्याची पद्धत अभियंते पोपोविच आणि डॉ. मॉन्क्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली. त्यानंतरची मोठी सुधारणा नळीच्या आकारात झाली. भरलेली पिशवी आणि रिकामी पिशवी इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीने आधीच जोडलेल्या येतात. पोटात नवं पाणी सोडण्याआधी त्यातलं थोडं सरळ रिकाम्या पिशवीत सोडून जोड धुऊन घेता येतो. जोडताना चुकून जंतू आलेच तर ते पोटात न जाता बाहेर जातात. एवढ्या साध्या युक्तीने पोटातला संसर्ग खूप कमी झाला. म्हणून कोणी सुट्या पिशव्या आणि सुटी नळी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये.

पिशवीवर तीन टक्के छापलेले असतात: १.५, २.५ आणि ४.२५. हे साखरेचं, म्हणजे डेक्स्ट्रोजचं प्रमाण. टक्का जितका जास्त तितकं शरीरातलं जादा पाणी जास्त ओढलं जातं. पायाला सूज, वजन एका दिवसात किलोभर वाढलेलं, आडवं झाल्यावर दम, असं असेल तेव्हा डॉक्टर वरच्या टक्क्याची पिशवी सांगतात. कडीचा रंग बघून पिशवी उचलायची सवय लागते, ती सोडावी. रंग कंपनीप्रमाणे बदलू शकतात, छापलेला टक्का बदलत नाही. घरात चष्मा लागणारं माणूस पिशवी बदलत असेल, तर खोक्यावर मार्करने मोठ्या मराठी आकड्यात टक्का लिहून ठेवावा.

साखरेचा हिशोब मात्र प्रशिक्षणात अनेकदा निसटतो. दोन लिटरच्या १.५ टक्क्याच्या पिशवीत ३० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २.५ मध्ये ५० आणि ४.२५ मध्ये ८५ ग्रॅम. दिवसात तीन साध्या (१.५) आणि एक मधली (२.५) पिशवी वापरली तर १४० ग्रॅम झाले. त्यातला बराच मोठा भाग, साधारण ६० ते ८० टक्के, रक्तात शोषला जातो. मधुमेह असलेल्या रुग्णाचं इन्सुलिन का वाढलं, भूक का मेली आणि तरी पोट का सुटलं, याचं उत्तर इथे आहे. उलट बाजूने प्रथिनं जातात: रोज पाच ते दहा ग्रॅम वापरलेल्या पाण्यातून. म्हणून इथे आहार यंत्रावरच्या डायलिसिसपेक्षा वेगळा असतो. वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी कमी होण्याची शक्यता जास्त, कारण पिशवीतल्या पाण्यात पोटॅशियम नसतंच. शेजारच्या घरातला हिमोडायलिसिसचा, म्हणजे यंत्रावरच्या डायलिसिसचा रुग्ण नारळपाणी टाळतो म्हणून आपणही टाळायचं, हे बरोबर नाही. आपला रक्ताचा रिपोर्ट दाखवून विचारावं.

रात्रभर पोटात ठेवायला डेक्स्ट्रोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन या दुसऱ्या पदार्थाची पिशवी सांगितली असेल, तर घरातला ग्लुकोमीटर लगेच तपासा. काही जुन्या पद्धतीच्या पट्ट्या या औषधामुळे साखर आहे त्यापेक्षा बरीच जास्त दाखवतात. खरी साखर ६० असताना मीटर १८० म्हणाला आणि कोणी इन्सुलिन टोचलं, तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. पट्टीच्या डबीवर जीडीएच-पीक्यूक्यू असं लिहिलेलं असेल तर ती वापरायची नाही. डायलिसिस विभागाने हे स्वतःहून सांगितलं, तर तो विभाग काळजी घेणारा आहे असं समजायला हरकत नाही.

आता पाणी बदलण्याची क्रिया. एका वेळेला ३० ते ४० मिनिटं लागतात. खिडकी बंद, पंखा बंद, मांजर बाहेर. मांजराचं हसू येईल, पण नळी चावल्यामुळे मांजराच्या तोंडातल्या जंतूंचा संसर्ग पोटात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पिशवी दाबून गळते का बघायचं, मुदत आणि टक्का वाचायचा, पाणी निवळ आहे का ते उजेडात बघायचं. तोंडाला मास्क. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. खरी चूक होते ती कोरडे करण्यात, कारण ओल्या हातावरून जंतू लवकर सरकतात. मोरीतल्या साबणदाणीत भिजलेली वडी नको, पंपाची बाटली हवी. घरातला सामाईक टॉवेल नको, कागदी नॅपकिन हवा.

मग पोटावरच्या नळीचं टोपण काढून पिशवी जोडायची आणि जुनं पाणी खालच्या पिशवीत सोडायचं, १५ ते २० मिनिटं. पोटाकडची चावी बंद. नव्या पिशवीची सील मोडून, पाच मोजेपर्यंत पाणी सरळ खालच्या पिशवीत सोडायचं. मगाशी सांगितलेलं धुणं ते हेच. खालची नळी चिमट्याने बंद, पोटाकडची चावी उघडी, नवं पाणी दहा मिनिटांत आत. चावी बंद, नवं आयोडिनचं टोपण. टोपण एकदाच वापरायचं. पंखा खरं तर दोनदाच बंद ठेवावा लागतो, जोडताना आणि सोडवताना, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. हे नीट सांगितलं नाही तर मे महिन्यात घामाने चिंब झालेली माणसं पंखा बंद करणंच सोडून देतात, आणि मग जोडतानाही तो चालूच राहतो.

पिशवी कोमट करायला कोरडी उष्णता हवी, म्हणजे गरम होणारी गादी किंवा त्यासाठीचं यंत्र. गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नये, जोडाशी ओल राहते. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कुठे उकळतं कुठे थंड राहतं, आणि पोट आतून भाजतं.

पाणी बाहेर यायला वेळ लागू लागला की सगळे नळीला दोष देतात. पहिला संशय बद्धकोष्ठतेवर घ्यावा. भरलेलं आतडं नळीला दाबतं किंवा बाजूला सरकवतं, आणि पोट साफ झालं की पाणी पुन्हा धार धरतं. मग नळीला कुठे पीळ बसलाय का बघावं, कुशीवर वळून बघावं. पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन (गुठळी बनवणारं प्रथिन) असतं. घाबरू नये, पण विभागाला कळवावं, हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) लागू शकतं.

बाहेर आलेलं पाणी दरवेळी मोजून वहीत लिहायचं. इथे एक बारीक फसगत आहे: नव्या पिशवीत छापील दोन लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी असतं आणि धुण्यात थोडं जातं. त्यामुळे स्प्रिंगच्या काट्यावर आलेलं वजन वजा सरळ दोन हजार, असा हिशोब केला तर दरवेळी शे-दीडशे मिलिलिटरचा फरक पडू शकतो, आणि चार वेळच्या फरकावर पाण्याची मर्यादा चुकीची ठरते. भरलेली पिशवी आधी आणि बाहेर आलेली नंतर, दोन्ही वजनं करून वजाबाकी कशी मांडायची, हे प्रशिक्षणातच वहीचं एक पान भरून दाखवायला हवं.

वापरलेलं पाणी संडासात ओतायचं. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर दोन लिटरची पिशवी हातात घेऊन सगळ्यांसमोरून जाणं रुग्णाला जड जातं, विशेषतः दिवसा. झाकणाची छोटी बादली हा साधा उपाय आहे. पालिकेचं पाणी ठराविक वेळेलाच येणाऱ्या वस्तीत पिंपाला तोटी बसवून घ्यावी. तांब्याने पाणी घेऊन हात धुतले, तर धुतलेला हात पुन्हा तांब्याला लागतो.

घरपोच सेवेचं मोजमाप साधं आहे. पुरवठादार खोकी इमारतीच्या दाराशी टाकतो की खोलीपर्यंत आणतो? सहा पिशव्यांचं खोकं बारा किलोंहून जड. पोटात दोन लिटर पाणी असलेल्या माणसाला हर्निया व्हायला तेवढं वजन पुरेसं आहे, त्याने ते उचलायचंच नाही. लिफ्ट बंद असलेल्या चौथ्या मजल्यावर हमाल चढेल का, त्याचे पैसे वेगळे का, हे पहिल्या ऑर्डरआधी विचारावं. महिन्याचा माल दोन हप्त्यांत मिळाला तर छोट्या घराला फार बरं, तेवढी विनंती जरूर करावी. सगळी खोकी पोटमाळ्यावर रचू नयेत. लाकडी माळ्याला एका जागी अडीचशे किलो झेपतीलच असं नाही. निम्मी पलंगाखाली, निम्मी भिंतीशी फळीवर, जमिनीपासून वीतभर वर. कुर्ला, शीव, हिंदमाता अशा पाणी भरणाऱ्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात किमान आठवड्याचा साठा कमरेच्या वर ठेवावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी टेम्पो येत नाही आणि यंत्रावरचं डायलिसिसही गाठता येत नाही. घरात पिशव्या कोरड्या असतील तर पोटाचं डायलिसिस मात्र चालू राहतं, वीज गेली तरी. या पद्धतीची ही बाजू मुंबईत फार मोलाची आहे. गणपतीला दहा दिवस गावी जायचं तर ४० पिशव्या, ८० किलोंच्या वर माल न्यावा लागतो. पुरवठादार कोकणात माल पोचवेल का, हे श्रावण लागायच्या आत विचारून ठेवावं.

आता या सेवेच्या सगळ्यात कच्च्या भागाकडे येऊ: प्रशिक्षण कोणाला देतात. फॉर्मवर रुग्णाच्या नावाखाली एकच रकाना असतो, अटेंडंट. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही आणि ते ठीकच आहे, कारण घरात अटेंडंट नावाचं कोणी नसतं. बायको असते, सून असते, जाऊ असते, कॉलेजला जाणारा पुतण्या असतो. यातल्या प्रत्येकाचं रुग्णाशी वागण्याचं वळण वेगळं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेची विभागवार मांडणी केली, तेव्हा कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलायचं आणि कोणी कोणापुढे आडपडदा ठेवायचा, हा त्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग होता. डायलिसिसच्या खोलीत तोच प्रश्न नळीच्या तोंडाशी येतो. नळी बेंबीच्या खाली, बाजूला बाहेर पडते. तिथली जागा रोज बघायची, स्वच्छ करायची, सांगितलेलं मलम लावायचं. सासऱ्याचं हे काम सुनेच्या माथी आलं, तर दोघंही अवघडतात. सासरे सदरा खाली ओढून "ठीक आहे" म्हणतात, सून आग्रह करत नाही, आणि नळीभोवतीची लाली चार दिवस कोणालाच दिसत नाही. यात हलगर्जी कोणाचीच नसते. कोणाला शिकवायचं हे विभागाने न विचारता ठरवलं, तिथे चूक झालेली असते.

उपाय अवघड नाही. पाणी बदलणं एकाने आणि नळीच्या जागेची काळजी दुसऱ्याने घ्यायची, अशी वाटणी करता येते. पिशवीचं काम सून उत्तम करेल; जागा बघण्याचं काम मुलाने, बायकोने किंवा आरशासमोर उभं राहून रुग्णाने स्वतः करावं. शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला उभं आणि बसतं करून, परकराची नाडी किंवा लेंग्याचा नाडा कुठे येतो ते बघून नळी बाहेर काढायच्या जागेवर खूण करावी. नाडीखाली आलेली नळी रोज घासते आणि तिथे संसर्ग होतो. ही खूण करायला शल्यचिकित्सकाला पाच मिनिटं पुरतात. तुमच्या रुग्णालयात ती करत नसतील तर मागा.

प्रशिक्षण किमान दोघांना द्यायला हवं, आणि ते एका दुपारी उरकण्यासारखं नाही. पाच-सहा दिवस, रोज दीड-दोन तास, आणि शेवटी शिकणाऱ्याने कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण क्रिया करून दाखवायची. एकटीच शिकलेली सून माहेरी बाळंतपणाला गेली किंवा तापाने पडली की दिवसाच्या चार पिशव्यांच्या तीन होतात, मग दोन. विभागाने पेरिटोनायटिस (पोटातल्या अस्तराचा संसर्ग) झाल्यावर आणि लांब मुक्कामानंतर पुन्हा शिकवलं तर सेवा चांगली. नर्सने एकदा घर बघून जावं, हे तर आम्ही आवश्यकच मानतो.

विभागाला विचारायचा एक नेमका प्रश्न: तुमच्याकडे पेरिटोनायटिसचं प्रमाण किती? आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीने २०२२ मध्ये घातलेली मर्यादा अशी की एका रुग्णाच्या एका वर्षामागे ०.४० पेक्षा जास्त वेळा तो होऊ नये, म्हणजे शंभर रुग्णांत वर्षाला चाळीस. आकडा सांगणारा विभाग त्याची नोंद ठेवतो, हे त्यातून कळतं.

पेरिटोनायटिसची खूण म्हणजे गढूळ पाणी. भरलेल्या पिशवीमागे छापील कागद धरला आणि अक्षरं वाचता आली नाहीत तर ते गढूळ. पोट दुखत असेल किंवा नसेल, ताप असेल किंवा नसेल, वाट बघायची नाही. ती पिशवी न ओतता, गाठ मारून, सोबत घेऊन रुग्णालयात जायचं. पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असले की निदान पक्कं मानून प्रतिजैविक पिशवीतूनच पोटात देतात. नमुना आधी, औषध नंतर. घरातली उरलेली गोळी आधी देऊन टाकली, तर जंतू प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्ये उगवत नाही आणि पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागतं. चावी उघडी असताना टोपण पडलं, नळीचं तोंड चादरीला लागलं, तर चावी बंद करून लगेच फोन. "काही झालं नाही ना, बघू सकाळी" असं म्हणून नवं टोपण लावू नये, नळीचा पुढचा तुकडा बदलावा लागतो. म्हणून रात्री अकराला उचलला जाणारा फोन नंबर, हा आमच्या लेखी या सेवेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तो पहिल्या आठवड्यात एकदा रात्री लावून बघावा.

किडनी प्रत्यारोपणाच्या कागदांशी गाठ पडते तेव्हा नात्यांचा दुसराच हिशोब समोर येतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. सून, जावई, दीर, जाऊ, मामा, मावशी या यादीत नाहीत. तीन वर्षं रोज चार वेळा सासूचं पाणी बदलणारी सून किडनी द्यायला तयार झाली, तर तिला अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाऊन जिव्हाळ्यापोटी देते आहे, पैसे किंवा दबाव नाही, हे दाखवावं लागतं. कायद्याची ही सावधगिरी आम्हाला पटते, कारण सुनेवर दबाव टाकणं घरात फार सोपं असतं, आणि देशात हयात दात्यांमध्ये बायकाच जास्त आहेत. पण विभागाने हे आधीच सांगावं. मुलगा दाता म्हणून जुळत असताना सुनेचं नाव पुढे येत असेल, तर समुपदेशकाने तिच्याशी एकटीशी बोलावं. पॉलिसिस्टिक किडनीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार असेल तर सख्ख्या भावंडांचीही आधी तपासणी हवी, कारण आजारी आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. रक्तगट न जुळणाऱ्या दोन जोड्यांमध्ये दात्यांच्या अदलाबदलीला २०११ पासून कायद्याची वाट आहे. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत नोंदवतात, आणि पोटाचं डायलिसिस चालू असताना ती नोंद करता येते.

पिशव्यांच्या किमतीबाबत एवढंच: छापील किंमत आणि रुग्णालय सांगतं तो दर यात तफावत असते, म्हणून दोन पुरवठादारांकडून लेखी दर घ्यावा, त्यात टोपणं आणि हमालीही लिहून घ्यावी. सरकारी योजनेत कोणता खर्च बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. आणि नळीचा पुढचा तुकडा साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. त्याची तारीख पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी.